पुढचा भाग आणि रात्रीची लाईट

पत्र

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३८. घरी सासूबाई, हे, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. शेती केळी आणि कापसाची. माझा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि भांडी-ओटा आवरून रात्री दहाला संपतो. दुपारी मोबाईल हातात घेतला की सासूबाई म्हणतात, "काय देखी राहिनी वं, काम नही शे का?" म्हणून मी रात्रीच पाहते. कोरियन मालिका, हिंदीत डब केलेल्या. एक भाग बघून झोपू असं ठरवते, पण तो संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. मग एक वाजतो, कधी दोन.

शेताला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात हे बाराच्या सुमाराला मोटर चालू करायला जातात. ते परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. आमच्या शिवारात बिबट्या दिसल्याचं सारखं कानावर येतं. म्हणून मोबाईल घेऊन बसते. पण आता दिवसाची लाईट असली तरी मी जागीच असते. परवा सकाळी गॅसपुढे उभ्या उभ्या डोळा लागला, दूध उतू जाऊन गॅस विझला. वास आल्यावर मुलगी धावत आली. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. मुलगी म्हणते, "आई, ऑटोप्ले बंद कर, सुटेल सवय." खरंच सुटते का? की मला व्यसन लागलंय? आणि हसू नका, पण सध्याच्या मालिकेचे सोळापैकी अकरा भाग झालेत.

— एक गृहिणी, चोपडा तालुका

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी गॅसचं. हा आठवडा सकाळचं दूध मुलीला किंवा मुलाला तापवू द्या. दहावीचं वर्ष आहे म्हणून पोरीला हात लावू द्यायचा नाही, असं करू नका. दहा मिनिटांनी तिची टक्केवारी घसरत नाही. झोप पुरी होईपर्यंत गॅसपुढे तुम्ही एकट्या उभ्या राहायचं नाही, एवढं पक्कं ठरवा. बाकी सगळं सावकाश बघू.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराला जागा आहे, मालिका पाहण्याला नाही. म्हणून तो शब्द स्वतःला इतक्यात चिकटवू नका. पण झोप कमी पडतेय हे खरं, आणि ते त्या दुधानं तुम्हाला दाखवलंच आहे. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप लागते. पाचला उठायचं तर दहाला पाठ टेकायला हवी. तुम्ही एक-दोनला झोपता, म्हणजे तीन-चार तासांवर घर चालवताय. मालिका बंद ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, किंवा दिवसभर मन उदास राहून कशातच जीव रमत नसेल, तर चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. नाहीतर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ती फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हे शेवटचं 'असू द्यावं' म्हणून सांगितलं. तुमचं पत्र वाचून मला तो प्रकार वाटत नाही.

तुमची मुलगी बरोबर बोलली, पण अर्धंच.

हा 'आपोआप पुढचा' काही पहिल्यापासून नव्हता. नेटफ्लिक्सने तो २०१२ मध्ये आणला, यूट्यूबने २०१५ मध्ये. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज गुंतवणूकदारांशी बोलताना उघडच म्हणाले होते की आमची स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. हे अशासाठी सांगते की, 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' असा जो सूर तुमच्या पत्रभर आहे, तो थोडा खाली यावा. समोर पगारी माणसं बसली आहेत आणि तुम्ही उठू नये हेच त्यांचं काम आहे. तुम्ही दिवसभर राबून, अंग ठणकत असताना, रात्री अकराला त्यांच्याशी लढताय. ही लढत बरोबरीची नाही.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ७६ नेटफ्लिक्स प्रेक्षकांवर एक प्रयोग केला. ऑटोप्ले बंद केल्यावर लोकांचं रोजचं पाहणं कमी झालं आणि एका बैठकीतला वेळही घटला. पूर्ण सुटलं असं नाही, कमी झालं. तेवढीच अपेक्षा ठेवा, म्हणजे चार दिवसांनी 'काही उपयोग नाही' म्हणून परत चालू करणार नाही.

ते का कमी होतं, हे तुमच्याच बिछान्यावर बघा. मोबाईल उशीला टेकवलेला, पांघरूण गळ्यापर्यंत, हात आत. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, कोपऱ्यात आकडे उलटे चालले. आता थांबायचं असेल तर हात बाहेर काढावा लागतो. चालू ठेवायचं असेल तर काहीच करावं लागत नाही. ऑटोप्ले बंद केला की हे उलटं होतं: पाहायचं असेल तर हात बाहेर काढा, नाहीतर पडदा तसाच थांबून राहील. दमलेलं माणूस हात बाहेर काढायचा कंटाळा करतं. तो कंटाळा आता तुमच्या बाजूने वापरायचा.

बंद कसं करायचं ते मुलीला शेजारी बसवून करा, पण बोटं तुमची असू द्या. नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये जा, प्रोफाइलमध्ये तुमचं नाव निवडा, तिथे प्लेबॅक सेटिंग्ज सापडेल. त्यात दोन खुणा असतात. एक 'ऑटोप्ले नेक्स्ट एपिसोड', म्हणजे पुढचा भाग आपोआप. दुसरी 'ऑटोप्ले प्रिव्ह्यूज', म्हणजे नुसतं यादीवरून बोट फिरवलं तरी जी झलक वाजायला लागते ती. दोन्ही काढा आणि सेव्ह करा. फरक लगेच दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत या. हे प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं. घरात सगळे एकाच नावाने पाहत असाल तर पोराच्या कार्टूनचंही बंद होईल, आणि तो ओरडेल. ओरडू द्या.

यूट्यूबवर सोपं आहे. व्हिडिओ चालू असताना पडद्यावर एकदा बोट लावलं की वरच्या बाजूला एक छोटासा खटका दिसतो. त्यावर त्रिकोण असेल तर चालू, दोन उभ्या रेघा असतील तर बंद. घरच्या टीव्हीवर यूट्यूब असेल तर तिथलं वेगळं बंद करावं लागतं, मोबाईलवरचं तिकडे जात नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये झोपेच्या वेळेची आठवणही लावता येते. ती लावताना खाली एक चौकोन असतो: व्हिडिओ संपेपर्यंत थांबून मग आठवण द्यायची का? त्याला टिचकी मारू नका. तासाभराचा व्हिडिओ असेल तर आठवण तासाभराने येईल, आणि तोवर कोण कुणाचं ऐकतंय. शॉर्ट्स आणि रील्सचं मात्र या खटक्याने काही होत नाही, तो प्रकारच निराळा आहे. तुम्ही त्यांचं नाव काढलं नाहीत, म्हणून मीही त्या वाटेला जात नाही.

आता उरलेलं अर्धं, जे मुलीला माहीत असण्याचं कारण नाही.

पहिली गोष्ट बारा वाजताची. तुमच्याकडे रोजच्या दीड-दोन जीबीचं पॅक असणार. रात्री अकरा-साडेअकराला ते संपत येतं, चित्र अडखळतं, गोल फिरायला लागतं. ती थांबण्याची खरी वेळ. पण बारा वाजले की नव्या दिवसाचा डेटा येतो आणि चित्र पुन्हा लख्ख. अनेकजणी या अर्ध्या तासात जागत बसतात, वाट पाहत. मोबाईलमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून सोय असते, तिच्यात एखाद्या ॲपला दिवसाची मर्यादा घालता येते. लोक मोठ्या उत्साहाने तासाची मर्यादा घालतात. तीही रात्री बाराला नव्याने सुरू होते. रात्री पाहणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, उलट बारानंतरचा एक तास हक्काचा वाटायला लागतो. त्याच ठिकाणी 'बेडटाइम मोड' असतो, तो लावा. साडेदहाला पडद्याचे रंग जातात, सगळं करडं होतं. एवढ्या खर्चाने सजवलेला नायक-नायिकेचा तो बर्फातला प्रसंग करड्या रंगात पाहून बघा. फार वेळ पाहवत नाही.

दुसरी गोष्ट थांबायचं कुठे याची. तुम्ही 'हा भाग संपला की झोपू' असं ठरवता, आणि तिथेच फसता. भागाचा शेवट हा थांबण्यासाठी लिहिलेलाच नसतो. सगळी गोष्ट तासभर संथ चाललेली असते आणि शेवटच्या दोन मिनिटांत दार उघडतं, कुणीतरी आत येतं, आणि संपतं. तिथे मोबाईल ठेवला तर ते दार डोक्यात उघडंच राहतं, झोप कुठली यायला. म्हणून भागाच्या मधे थांबा. पुढच्या भागाची पहिली सात-आठ मिनिटं पाहिली की कोण आलं ते कळतं, रडारड होते, मग पुन्हा ऑफिस, जेवण, पाऊस असं संथ सुरू होतं. तिथे बंद करायचं. सुरुवातीला विचित्र वाटेल, अर्धवट ताटावरून उठल्यासारखं. पण कंटाळवाण्या जागी सोडलेली गोष्ट झोपेच्या आड येत नाही. खटका बंद असेल तरच हे जमतं, कारण पुढचा भाग तुम्ही स्वतः लावलेला असतो आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवलेलं असतं.

आता रात्रीच्या लाईटचं. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला हाच भाग सगळ्यात मोठा वाटला.

शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, मोटर चालवणारी थ्री फेज वीज आलटूनपालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हे अवघ्या खानदेशाला सांगायला नको. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिचं काम चालू आहे. तुमच्या फीडरचं काय ते गावच्या वायरमनला विचारा. पण आजचा प्रश्न आजच्या रात्रीचा आहे. 'फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा' हा सल्ला तुम्ही शंभर ठिकाणी वाचला असेल आणि मनात म्हणाला असाल की यांना काय जातंय सांगायला, माझा माणूस केळीत आहे. बरोबर आहे तुमचं. फोन जवळच हवा.

मग त्याला नुसता फोनच ठेवायचा. बेडटाइम मोडबरोबर 'डू नॉट डिस्टर्ब' लागतं, म्हणजे नोटिफिकेशन गप्प होतात. पण त्यात सोय असते की चांदणीची खूण (स्टार) लावलेल्या नंबरांचे फोन वाजू द्यायचे. यांच्या नंबराला ती चांदणी लावा, आवाज मोठा ठेवा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून त्यांनी लागोपाठ दोनदा लावला तरी दुसऱ्यांदा तो वाजावा, अशीही सोय त्यातच असते, तीही चालू करा. झोपायच्या आधी मुलीला दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगून सगळं एकदा तपासून घ्या, म्हणजे मनाला शांती. आणि यांच्याशी एक ठरवून टाका: मोटर चालू झाली की एक फोन, व्हॉल्व्ह बदलून घरी निघताना दुसरा. मधल्या वेळात तुम्ही झोपायचं.

थोडं कडू लागेल, पण बोलते. तुम्ही जाग्या असता म्हणून बिबट्या लांब राहत नाही. जागरणाने यांना काही मिळत नाही, तुमची भीती तेवढी गुंतून राहते. भीती खरीच आहे. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या काही गप्पांतला नाही, आणि रात्रीच्या ओल्या बांधावर साप, ओल्या हाताने स्टार्टरची पेटी, हे धोके तर त्याहून रोजचे. मग त्या भीतीचं काहीतरी कामाचं करा. चांगली बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पेटीजवळ कोरडी फळी पायाखाली घ्यायला. शेजारच्या बांधाचा जो कुणी त्याच फीडरवर असेल त्याच्याबरोबर जाणं-येणं. आणि मोबाईल स्टार्टर बसवता आला तर पाहा, म्हणजे लाईट आल्याचं घरबसल्या कळतं आणि नुसतं बटण दाबायला जावं लागत नाही. ठिबकचे व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे असतील तर जावं लागेलच, पण फेऱ्या कमी होतील. ही यादी यांच्यापुढे ठेवा. रात्री दोनपर्यंत कोरियन मालिका पाहण्यापेक्षा यांचं रक्षण यातून जास्त होईल.

आपल्याकडे जागरणं नवी नाहीत. श्रावणात कानबाई बसते ती रात्र बायका गाण्यांत जागून काढतात, आणि सोमवारी विसर्जन करून आल्या की घर आडवं होतं, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. ते जागरण वर्षातून एकदा येतं, दहा जणींत असतं आणि त्याला विसर्जन असतं. तुमचं रोजचं आहे, एकटीचं आहे आणि चोरून आहे.

चोरून, यावरच माझं बोट आहे. तुमच्या दिवसाचे सतरा तास तुम्ही लिहून काढा. मी तुमच्या पत्रावरून काढायचा प्रयत्न केला: डबे, धुणं, दूध, सासूबाईंच्या गोळ्या, कापूस वेचायच्या दिवसांत मजुरांचा चहा, पोरांचा अभ्यास. त्यात तुमचा म्हणावा असा अर्धा तास मला सापडला नाही. जो दिवसा मिळत नाही तो माणूस रात्रीतून काढतं, आणि रात्र काढू देते, कारण तिला कुणी हिशेब विचारत नाही. खटका बंद केलात आणि दिवस असाच ठेवलात, तर पंधरा दिवसांनी हात पांघरुणातून बाहेर येईल आणि पुढचा भाग दाबेल. तेव्हा मुलीला म्हणू नका की तुझ्या ऑटोप्लेने काही झालं नाही.

म्हणून दिवसा एक तास मागा. मागा म्हणजे परवानगी नाही, सांगा. दुपारी जेवणं आटोपून भांडी झाली की तीन ते चार हा वेळ माझा, असं यांच्यासमोर आणि सासूबाईंसमोर एकदाच, न भांडता. यांना आधी एकटं गाठून दुधाचा प्रसंग सांगितलात तर बरं. गॅस विझल्याची गोष्ट ऐकून कुठलाही शहाणा माणूस तुमच्या बाजूने बोलेल. नाही बोलला तर पुन्हा लिहा, मग तेव्हाचं पत्र वेगळं असेल. पहिले आठ दिवस त्या तासात मालिका लावू नका, सरळ झोपा, अर्धा तास तरी. राहिलेली झोप एका रात्रीत भरून निघत नाही, आणि दुपारी अर्ध्या तासाहून जास्त लोळलात तर रात्रीची बिघडते. डोकं जरा जागेवर आलं की मग त्या तासात मालिका. दिवसाढवळ्या, आवाज ठेवून, कानात वायरी न खुपसता.

सासूबाईंचं मला एवढं अवघड वाटत नाही. "काम नही शे का" म्हणणाऱ्या बाईला बहुधा दुपारी स्वतःलाच काही करायला नसतं. तुमच्या मालिका हिंदीतून आहेत, त्यांना बाजारापुरतं तरी हिंदी कळत असणार. मोबाईल दोघींना दिसेल असा डब्याला टेकवून ठेवा आणि शेजारी बसवा. कोरियन मालिकांमध्ये सासू हे पात्र असतंच, आणि ती फार बोलते. उरलेले पाच भाग, रोज एक, पाच दुपारी. मात्र पहिल्या अकरा भागांत काय झालं ते त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल, आणि त्या मधेमधे विचारणार, "हाई कोन वं?" तेवढं सोसा.